ओटीवरून माजघरात: कर्जत-खालापूरच्या घरगुती कुत्र्यांचा इतिहास



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही श्रोत्यांना हसू आले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. वसंतातल्या सायंकाळी लोक येथे येतात ते राज्यांचे उदयास्त, संतांची वाणी, देशाचा अर्थव्यवहार अशा भारदस्त विषयांवर चार शब्द ऐकावेत म्हणून. त्यांच्यापुढे घरातल्या कुत्र्यांचा इतिहास मांडणे हे धाडसच होय. परंतु इतिहास जसा दरबारात घडतो तसा तो घराच्या उंबऱ्यावरही घडतो. कोणाला ओटीवर बसवायचे, कोणाला माजघरात घ्यायचे आणि कोणाला अंगणातूनच परत लावायचे, हे एखादा समाज कसे ठरवतो यावरून त्या समाजाची पारख होते. कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना सोबती. पण आमच्या घरांत तो शतकानुशतके उंबऱ्याच्या बाहेर बसून होता. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तो आत आला, आणि आत येताना त्याचा आकारही लहान झाला. हा बदल कसा झाला आणि त्यात कुत्र्याने काय कमावले, काय गमावले, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

यासाठी आम्ही कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेतले आहेत. १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत आणि आज ज्याला रायगड म्हणतात, त्या जिल्ह्याचा हा समुद्रापासून आत असलेला, सह्याद्रीला टेकलेला भाग. इकडे उल्हास, तिकडे पाताळगंगा. डोक्यावर माथेरान आणि बोरघाट. भात पिकवणारे कुणबी व आगरी, डोंगरपट्टीतले ठाकूर, कातकरी आणि धनगर अशी येथली जुनी वस्ती. त्यांच्या मधूनच मुंबईहून पुण्याला जाणारा लोखंडी रस्ता गेलेला. जुने कुत्रे आणि नवे कुत्रे यांची गाठ जर कोठे पडायची असेल तर ती अशाच ठिकाणी.

आधी जुन्या व्यवस्थेकडे पाहू. महाराष्ट्रात माणूस आणि कुत्रा यांच्या सोबतीचा फार प्राचीन पुरावा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दायमाबादला मिळाला. १९७४ साली तेथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक बैलांचा रथ आहे; रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रे उभे आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला रथ, बैल आणि माणूस एवढ्याने चित्र पुरे झाले असे वाटले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढच्या काळात धर्मग्रंथांनी कुत्र्याला एक वाटा दिला आणि एक जागा ठरवून दिली. गृहस्थाने वैश्वदेवानंतर श्वान, कावळे व किडामुंगी यांच्यासाठी जमिनीवर अन्न ठेवावे, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. वाटा मिळाला, पण तो उंबऱ्याबाहेर. आणि त्याच श्लोकात पतित व श्वपच म्हणून हिणवलेल्या माणसांनाही त्याच पंगतीस बसवले आहे. म्हणजे हा उंबरा केवळ जनावरांसाठी बांधलेला नव्हता. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मात्र होता. कुत्र्याच्या लाडाचा इतिहास सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. दयेचा वाटा आणि बरोबरीचा हक्क या दोन निराळ्या वस्तू आहेत.

तरीही आमची परंपरा कुत्र्याविषयी केवळ तुसडी होती असे नाही. महाभारताचा आरंभच एका कुत्रीच्या गाऱ्हाण्याने होतो, असे म्हटले तरी चालेल. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला अपराध नसताना मारले. तिने राजाला जाब विचारला आणि तो निरुत्तर झाला. शेवटी स्वर्गाच्या दारात युधिष्ठिर कुत्र्यावाचून आत जाण्यास नकार देतो. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाची कुत्री म्हणवून घेतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घराघरांत ठाऊक आहेत. मात्र या साऱ्या गोष्टींतले कुत्रे दारात, वाटेवर किंवा देवळात आहे. माजघरात ते कोठेच नाही. आणि एकीकडे हा आदर असताना ‘कुत्र्याला खीर मानवत नाही’ अशा म्हणीही आमच्याच तोंडी रुळल्या आहेत.

आता कर्जत-खालापूरच्या जुन्या घराकडे या. पुढे अंगण, मग ओटी किंवा पडवी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसू. गोठा बाजूस. कुत्र्याची जागा दिवसा अंगणातल्या सावलीत, रात्री ओटीच्या पायरीशी आणि पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर. त्याला काम होते. दिवाळीच्या सुमारास भात कापून खळ्यावर आले की राखणीला माणसाबरोबर कुत्रे हवेच. रानडुक्कर शेतात शिरले तर पहिली वर्दी तेच देणार. गोठ्याकडे बिबळ्या आला तरी तेच भुंकणार, आणि पुष्कळदा तेच त्याच्या तोंडी जाणार. मेंढपाळ धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो याच भयाने. बिबळ्या गळा धरतो.

कातकऱ्यांचा आणि कुत्र्यांचा संबंध याहून जवळचा. त्यांच्या एकखणी कुडाच्या झोपडीत ओटी निराळी आणि माजघर निराळे असा भेदच नसतो. चूल, माणसे आणि कुत्री एकाच छपराखाली. सशामागे किंवा रानात शिकारीस जाताना कुत्री बरोबर असत, आणि मिळालेल्या शिकारीत त्यांचाही हिस्सा असे. कुत्र्याला घरात घेणे ही शहरी सुधारणा आहे असे मानणाऱ्यांनी हे पाहावे. ज्याच्या घराला उंबराच नव्हता, त्याने कुत्र्याला कधी बाहेर ठेवले नाही.

या जुन्या व्यवस्थेत मालकी ही गोष्ट सैल होती. गावातले एखादे कुत्रे चार घरांचे असे. सकाळी एका दारी शिळी भाकरी, दुपारी दुसऱ्या दारी भाताचे खरकटे, रात्री तिसऱ्याच्या पायरीवर झोप. कोणी त्याच्यासाठी वैद्य आणत नसे, पण एक घर बंद पडले म्हणून ते उपाशीही मरत नसे. त्याचा भार कोणा एकावर नव्हता, साऱ्या वाडीवर थोडा थोडा होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तीत खरूज होती, दगड होते आणि पिसाळण्याचे भय होते. १८८५ साली पाश्चरने लस शोधीपर्यंत त्या रोगावर जगात कोठेही उपाय नव्हता. परंतु ती एक व्यवस्था होती, आणि तिचा मोडलेला सांगाडा आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

लाडके, नाव ठेवलेले, एकाच धन्याचे कुत्रे त्या काळी आढळते ते राजेरजवाड्यांकडे. सातारच्या शाहू छत्रपतींनी एका शिकारीत वाघापासून आपणांस वाचवणाऱ्या कुत्र्याच्या नावे जहागीर आणि पालखी दिली होती. एकदा दरबारात एका सरदाराच्या भेटीस येताना त्यास जरीवस्त्रे व दागिने घालून आपली पगडीही त्याच्या मस्तकी ठेवली. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे नमूद केले आहे. संगम माहुली येथे या ‘खंड्या’ची समाधी आजही दाखवतात. आमच्या जिल्ह्यातील किल्ले रायगडावर ‘वाघ्या’चे स्मारक १९३६ साली उभे राहिले, त्यास समकालीन पुरावा नाही, आणि २०११ साली ते हलवले गेले व लगेच पुन्हा बसवले गेले, तेव्हापासून त्याविषयीचा वाद चालू आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. राजाच्या गोष्टीत इमानी कुत्रे असावे असे लोकमनाला वाटते, एवढीच त्यातली आमच्या कामाची गोष्ट.

मालकीच्या कुत्र्याला कायद्याच्या भाषेत अर्थ आला तो मुंबईत. तेथे उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता. १८३२ साली त्याची मुदत वाढवली आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम असल्यामुळे पकडणारे लोक घरांच्या दारांतूनही कुत्री ओढू लागले. पारशी धर्मात कुत्र्यास मोठा मान. मृतदेहापुढे कुत्रा आणण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा विधीच आहे. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशांनी दंगा केला, त्यांना इतर जातींचीही साथ मिळाली आणि शहराचे व्यवहार बंद पडले. पुढे दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ निघाली. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य थांबवणारी मंडळी स्थापन झाली आणि त्यानंतर परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. हे सारे चांगलेच झाले. पण त्याबरोबर कुत्र्यांचे दोन वर्ग पडले: एक धन्याचे, दुसरे बेवारशी. गावकुसातले ते चार घरांचे कुत्रे या दोहोंत कोठेच बसेना.

हीच मुंबई डोंगर चढून आमच्याकडे आली. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम खालापूरच्या चौक गावी होता. तेथून ते माथेरानचा डोंगर चढले, आणि थोड्याच वर्षांत त्या पठारावर बंगले उठू लागले. १८५६ साली आगगाडी खोपोलीला आली. १८६३ साली बोरघाटाचा चढ खुला झाला आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिन जोडण्याचे ठाणे म्हणून कर्जतचे महत्त्व वाढले. १९०७ साली आदमजी पीरभाईंच्या घराण्याने नेरळ-माथेरान गाडी सुरू केली. माथेरानच्या बंगल्यांतून उतरले ते गोरे अंमलदार, पारशी, बोहरी व इतर धनिक. आणि त्यांच्याबरोबर आले ते विलायती पद्धतीचे घरगुती जीवन, ज्यात मांडीवरच्या लहान कुत्र्याला मानाचे स्थान होते.

मांडीवरचे कुत्रे ही मुळात राजवाड्यातली चैन. चीनच्या बादशाही महालात पेकिनीज जातीची कुत्री वाढवीत. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी तेथील उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हा त्या लुटीत पाच-सहा कुत्रीही गेली. त्यांतले एक व्हिक्टोरिया राणीस नजर केले. त्याचे नाव राजवाड्यात चक्क ‘लूटी’ असे ठेवले होते. आमचाच ‘लूट’ हा शब्द अशा रीतीने एका तीन-चार शेर वजनाच्या प्राण्याच्या गळ्यात पडला. पुढे हीच चैन मध्यम वर्गात उतरली. इंग्रजांबरोबर आलेल्या जर्मन स्पिट्झच्या वंशातले पांढरे केसाळ कुत्रे येथल्या हवेत टिकले, भातावर जगले आणि ‘पॉमेरियन’ या नावाने घरोघर पोचले. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफीने त्याची कीर्ती वाढवली. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीने चपट्या नाकाच्या पगचे वेड लावले. चाळीतून सदनिकेत गेलेल्या कुटुंबाला अंगण उरले नाही, ओटी उरली नाही. मग कुत्रे ठेवायचे तर ते आतच ठेवावे लागणार, आणि आत ठेवायचे तर लहानच असावे लागणार. कुत्रे माजघरात आले त्याला प्रेम कारण झाले, हे खरे. पण अंगणे गेली, हेही तितकेच खरे.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. मुंबई-पुण्याहून खालापूर दीड-दोन तासांवर आले, आणि भातखाचरांच्या बांधांवर शनिवार-रविवारची घरे उभी राहिली. आमच्या कथेचे पुढचे प्रकरण त्या घरांच्या कुंपणाशी आहे. पण ते सांगण्यापूर्वी, अशी लहान कुत्री घरात असली म्हणजे दिवस कसा जातो, ते सांगितले पाहिजे. कारण या विषयावर भाबडी कौतुके पुष्कळ ऐकू येतात, हिशेब मात्र कमी.

आमच्या कर्जतच्या घरी चार लहान कुत्री आहेत. त्यांपैकी दोन वर सांगितलेल्या घरांतून मागे राहिलेली. पहाटेच्या लोकलची शिटी झाली की चौघेही उठतात, आणि मग घरात कोणाला झोप नाही. पहिला मान थोरलीचा. राणी तेरा वर्षांची, डोळ्यांनी अधू. तिला हाताने अंगणात न्यावे लागते. तिच्याआधी पिंट्या दारातून घुसला तर ठकी त्याच्यावर गुरगुरते; त्यांच्यातला वडीलधारेपणा ती आपसांतच सांभाळतात. जेवणासाठी चार ताटल्या चार कोपऱ्यांत. एकत्र ठेवल्या की भांडण ठरलेले. ताकभाकरी, बिनमिठाचा भात, उकडलेले अंडे, थोडा दुध्या. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट यांना सक्त मनाई. माणसाच्या लाडाचा हा खाऊ त्यांना विषासारखा.

ऋतूंप्रमाणे काम बदलते. वैशाखात ओल्या फरशीवर त्यांची बैठक. कुत्र्यास आमच्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापेनेच अंग निवते. चपट्या नाकाच्या कुत्र्याला ती धापही धड टाकता येत नाही. थंड मुलखातल्या दाट केसांचे प्राणी कोकणच्या उन्हाळ्यात ठेवणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. मृगापासून चार महिने गोचिडांशी युद्ध, पावलांच्या बेचक्यांतला ओलावा पुसणे आणि अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी बॅटरी मारून फुरसे-घोणस पाहणे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने लहान्या पलंगाखाली जातो आणि रात्रभर थरथरतो. वर्षाकाठी प्रत्येकाला रेबीजची लस. सूर्य मावळला की चारही आत. डोंगराच्या पायथ्याशी बिबळ्याला चार शेरांचे कुत्रे म्हणजे एक घास. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घर कधी रिकामे ठेवता येत नाही. लग्नमुंजीस आम्ही पाळीपाळीने जातो. याच्या मोबदल्यात काय मिळते? दार उघडताच चार शेपट्या. ज्यांना हे पुरेसे वाटत नाही त्यांनी या भानगडीत पडू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

आता त्या कुंपणाकडे. सुटीच्या घरात कोणी हौसेने पिल्लू आणतो. मुले दोन उन्हाळे त्याच्याशी खेळतात. मग परीक्षा येतात, बदली होते, घर विकले जाते. कुत्रे राखणदाराच्या हवाली होते. राखणदार बदलतो, आणि पांढरे केसाळ कुत्रे एके दिवशी नाक्यावर दिसू लागते. गावचे कुत्रे अशा जागी तरून जाई. त्याला चार दारे ठाऊक होती, दगड चुकवणे ठाऊक होते. माजघरात वाढलेल्या कुत्र्याला यांतले काहीच येत नाही. केसांच्या जटा होतात, गोचिडांनी ते फिके पडते, नाक्यावरची कुत्री त्याला टिकू देत नाहीत. शिवाय जुनी दारेही आता उरलेली नाहीत. चार घरांचा घास संपला आणि एका घराने हात काढला, अशा दुहेरी पोरकेपणात ते सापडते. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण रात्री गाडीतून उतरवलेल्या कुत्र्याची फिर्याद कोण नेणार? सरमेप्रमाणे जाब विचारायला त्याची आई तेथे नसते.

येथे कोणी म्हणेल, कातकरवाडीत माणसांची आबाळ असताना कुत्र्यांची ही काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून जाणारे कुत्र्यांचे प्रेम आम्हांला संशयास्पद वाटते. ज्या कुंपणाच्या आत कुत्र्याला गादी आहे आणि कुंपणाबाहेरच्या मजुराला पाण्याचा तांब्या नाही, तेथे जुना उंबराच नव्या जागी बांधला गेला आहे. परंतु या दोन आस्था एकमेकींच्या वैरिणी नाहीत. टाकलेल्या कुत्र्याला पुष्कळदा पहिली भाकरी मिळते ती त्याच कातकरवाडीत. आणलेले पिल्लू सोयीने टाकणारा आणि कामापुरते माणसाला जवळ करणारा, यांची वृत्ती एकच असते. आपण ज्याला जवळ केले त्याचे देणे आपल्यावर आहे, हे ज्याला कळले त्याला ते दोन्हीकडे कळते.

तात्पर्य असे. जुन्या गावाने कुत्र्याला प्रेम थोडे दिले, पण घास वाटून दिला. नव्या घराने प्रेम पुष्कळ दिले, पण घासाची सारी जोखीम एका दारावर आणून ठेवली. म्हणून नव्या घराचे कर्तव्य अधिक कडक आहे. लहान कुत्र्याचे आयुष्य बारा ते पंधरा वर्षांचे. पिल्लू उचलून उंबऱ्याच्या आत घेणे म्हणजे तेवढ्या मुदतीचा करार करणे होय, आणि या करारात एक पक्ष मुका असल्यामुळे दुसऱ्याने तो दुप्पट पाळला पाहिजे. एकाहून अधिक ठेवायची असतील तर आपल्या पश्चात त्यांना कोण पाहील हे ठरवून ठेवावे. आणि आमच्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांनी, जुन्या चार घरांच्या घासाची आठवण ठेवून, नाक्यावरच्या कुत्र्यांची लस, नसबंदी आणि भाकरी पुन्हा एकदा साऱ्यांच्या वाटणीत घ्यावी. उंबरा ओलांडून आत आलेल्याला पुन्हा बाहेर काढू नये, मग ते कुत्रे असो वा माणूस, एवढे या लहानशा इतिहासातून आपण शिकलो तरी आजची सायंकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.